ऑनर सोसायटीची प्रेसिडेंट झालेय, पण इनिशिएशननंतर मेंबर दिसतच नाहीत. काय करू?

नाशिकची_पोर

नमस्कार मंडळी, इथे बरेच जण अमेरिकेत शिकून गेलेत किंवा अजून शिकतायत म्हणून विचारतेय. मी मिडवेस्टमधल्या एका मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीत इंजिनीअरिंग करतेय, ऑगस्टपासून सिनियर इयर, म्हणजे शेवटचं वर्ष, सुरू होईल. मार्चमध्ये माझं ओमिक्रॉन डेल्टा कॅपामध्ये सिलेक्शन झालं, आम्ही सगळे ओडीकेच म्हणतो, आणि एप्रिलमधल्या निवडणुकीत मी आमच्या सर्कलची प्रेसिडेंट झाले. ओडीकेत शाखेला चॅप्टर म्हणत नाहीत, सर्कल म्हणतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते कारण घरी आईबाबांना समजावताना मला अर्धा तास लागला होता, त्यांना वाटलं स्कॉलरशिप मिळाली. तसं नाहीये. अभ्यास आणि नेतृत्व बघून निवडलेल्यांची ही संस्था, म्हणजे ऑनर सोसायटी. ही सोसायटी ३ डिसेंबर १९१४ ला व्हर्जिनियातल्या लेक्सिंग्टन गावी, वॉशिंग्टन अँड ली युनिव्हर्सिटीत १५ विद्यार्थी आणि प्राध्यापकांनी मिळून सुरू केली. खेळणारी मुलं, पेपर काढणारी मुलं, नाटकवाली मुलं, अभ्यासात पुढे असलेली मुलं, सगळी एकाच कॅम्पसवर असतात पण आपापल्या कोंडाळ्यात राहतात, त्यांच्यातल्या चांगल्या माणसांना एकत्र बसवायचं आणि सोबत प्राध्यापकही बसवायचे, असा मूळ विचार. म्हणून आजही पाच क्षेत्रांतून निवड होते, अभ्यास-संशोधन, खेळ, समाजसेवा आणि कॅम्पस गव्हर्नमेंट, पत्रकारिता-वक्तृत्व-मीडिया आणि कला. मार्कांची अट आहे, वर्गातल्या वरच्या ३५ टक्क्यांत असावं लागतं, पण नुसत्या मार्कांवर घेत नाहीत.

हे सगळं वाचून मी भारावून गेले होते खरंच. आणि आता प्रत्यक्ष काय चाललंय ते सांगते. यादीत आम्ही ६२ जण आहोत. मे मधल्या शेवटच्या मीटिंगला ९ आले. बाकीचे इनिशिएशनच्या, म्हणजे नव्या मेंबरना सामील करून घ्यायच्या समारंभाच्या, संध्याकाळी छान कपडे घालून आले, सही केली, फोटो काढले, ग्रॅज्युएशनच्या गाऊनवर घालायची कॉर्ड कधी मिळणार ते विचारलं आणि गेले. आधीचं बोर्ड ग्रॅज्युएट होऊन निघून गेलं, जाताना एक ड्राइव्हचं फोल्डर दिलं ज्यात दोन फायली आहेत, त्यातली एक तीन वर्षं जुनी. बँकेचं खातं कोणाच्या सहीने चालतं हे शोधायलाच मला दहा दिवस लागले. आमचे फॅकल्टी अॅडव्हायजर खूप चांगले आहेत पण वर्षभरात रिटायर होतायत.

दुसरं म्हणजे निवड. मी गेल्या तीन वर्षांच्या याद्या काढून बघितल्या, बहुतेक नावं स्टुडंट गव्हर्नमेंटमधली नाहीतर बिझनेस स्कूलमधली. नाटक विभागातलं तीन वर्षांत एक नाव. खेळाडू दोन. म्हणजे ज्या कारणासाठी ही गोष्ट सुरू झाली तेच होत नाहीये. आणि त्यात माझ्या रूममेटने आत्ताच सांगून ठेवलंय की फॉलमध्ये ती अर्ज करणार आहे आणि मी "बघावं". ती खरंच चांगली मुलगी आहे हो, म्हणूनच जास्त अवघड वाटतंय.

अजून एक, हे जरा वैयक्तिक आहे. मला लोकांना काम सांगायला फार संकोच वाटतो. इथली मुलं सहज ईमेल टाकतात, प्रोफेसरांना पहिल्या नावाने हाक मारतात. मी अजून "सर" म्हणते. प्रेसिडेंट म्हणून मी उभी राहिले तेव्हा मनापासून राहिले, सीव्हीसाठी नाही, हे वर्ष मला नीट करायचंय. कोणी असं काही चालवलं असेल तर प्लीज सांगा, अगदी बारीकसारीक सुद्धा चालेल.

---

कोलंबसची_मावशी

अगं पोरी, तुझं वाचून माझं कॉलेजचं शेवटचं वर्ष डोळ्यासमोर आलं. मी ओडीकेत नव्हते, मॉर्टार बोर्ड नावाच्या दुसऱ्या ऑनर सोसायटीत होते, २०११-१२ ची बॅच. आमच्याकडे तर अजून कठीण, कारण ती फक्त सिनियर्सची सोसायटी, ज्युनियर इयरच्या स्प्रिंगमध्ये निवड व्हायची आणि पुढच्या मे मध्ये सगळेच्या सगळे ग्रॅज्युएट. म्हणजे दरवर्षी पाटी कोरी. जुना मेंबर म्हणून कोणी उरतच नाही ज्याला विचारावं.

त्यामुळे आमच्याकडे हँडओव्हर हा एक सणच होता. एप्रिलमधला एक अख्खा शनिवार, जुनं बोर्ड आणि नवं बोर्ड, समोरासमोर, ट्रेझररसमोर ट्रेझरर. आणि कागद नाही नुसता, जुनी ट्रेझरर नवीला घेऊन स्टुडंट अॅक्टिव्हिटीजच्या ऑफिसात जायची, तिथल्या बाईंशी ओळख करून द्यायची, पैसे काढायचा फॉर्म तिच्यासमोर भरून दाखवायची. तुला हे मिळालं नाही याचं वाईट वाटतं, पण तू आजपासून लिहायला लाग. दहा दिवस लागले ना बँकेचं शोधायला, ते दहा दिवस कसे गेले, कोणाकडे गेलीस, कुठल्या खोलीत, कुठला फॉर्म, आत्ता ताजं आहे तोवर लिही. मे मध्ये लिहायला बसशील तर फायनल्स, नोकरी, घर रिकामं करणं, काही होणार नाही.

मेंबर येत नाहीत त्याबद्दल. आमच्या प्रेसिडेंटने सप्टेंबरमध्ये एकच काम ठरवलं. मॉर्टार बोर्डचा देशपातळीवर वाचनाचा उपक्रम आहे, रीडिंग इज लीडिंग नावाचा, त्यात आम्ही जवळच्या एका प्राथमिक शाळेत महिन्यातून दोनदा जाऊन दुसरीच्या मुलांबरोबर पुस्तकं वाचायचो. बस. दुसरा कुठलाही इव्हेंट नाही, टीशर्ट नाही, गाला नाही. पहिल्या वेळी आम्ही सहा जणी-जण होतो, नोव्हेंबरपर्यंत चौदा झालो कारण ती मुलं नावाने विचारायची, तो उंच दादा का नाही आला म्हणून, आणि तो उंच दादा म्हणजे व्हॉलीबॉलच्या टीमचा कॅप्टन होता, त्याला प्रॅक्टिस सोडून यायला लागायचं तरी यायचा. तुमचे ६२ जण मीटिंगला येणार नाहीत. मीटिंगमध्ये त्यांना करण्यासारखं काय असतं? मागच्या मीटिंगचे मिनिट्स वाचायचे, कोरम नाही म्हणून ठराव पुढे ढकलायचा. हाताला काम दे, मग बघ.

आणि थोडा इतिहास सांगते कारण तो मला फार आवडतो. १९१८ च्या फेब्रुवारीत सिराक्यूजला वेगवेगळ्या कॉलेजांतल्या मुली जमल्या आणि त्यातून मॉर्टार बोर्ड झालं. तेव्हा ओडीकेसारख्या सोसायट्यांमध्ये मुलींना घेतच नव्हते. तुमच्या ओडीकेत मुलींना १९७४ मध्ये घ्यायला लागले आणि आमच्याकडे मुलांना १९७५ मध्ये, शिक्षणात मुलगा-मुलगी भेदभाव करायचा नाही असा १९७२ चा टायटल नाइन कायदा आल्यावर. नाशिकची एक मुलगी आज त्या खुर्चीत बसलीय, ते मला फार मोलाचं वाटतं गं.

---

ठाण्याचा_बाबा

मध्येच विचारतोय, माफ करा, पण विषय निघालाच आहे म्हणून. माझा मुलगा टेक्सासमध्ये सेकंड इयरला आहे, त्याला मागच्या महिन्यात ईमेल आला की तुमची एका लीडरशिप ऑनर सोसायटीसाठी निवड झाली आहे, ९५ डॉलर भरा. त्याच्या तीन मित्रांनाही आला. तो खूष आहे पण मला कळत नाहीये की हा मान आहे की विक्री. इतक्या लांबून कसं तपासायचं? आपल्याकडे असले कॉल आले की आपण सरळ फोन ठेवतो.

---

नाशिकची_पोर

@ठाण्याचा_बाबा काका, माफी कसली, बरोबर प्रश्न आहे. मलाही फर्स्ट इयरला असे दोन ईमेल आले होते. मी जे केलं ते सांगते. आधी बघायचं की कॅम्पसवर तिची शाखा खरोखर आहे का, फॅकल्टी अॅडव्हायजर कोण आहे, त्यांना जाऊन भेटता येतं का. मुलाला सांगा डीन ऑफ स्टुडंट्सच्या ऑफिसात जाऊन विचार, ते दोन मिनिटांत सांगतात. मग त्याला कोणी नॉमिनेट केलं किंवा त्याने कुठे अर्ज केला होता का, की नुसता ईमेल आला. असोसिएशन ऑफ कॉलेज ऑनर सोसायटीज नावाची संस्था आहे, १९२५ पासूनची, तिच्या मेंबर सोसायट्यांची यादी साइटवर आहे, त्यात नाव आहे का बघा. फी असणं म्हणजे फसवणूक असं नाही, आमच्याकडेही इनिशिएशनची फी आहे, पण ती निवड झाल्यावर आणि एकदाच.

---

ठाण्याचा_बाबा

धन्यवाद बाळा. त्याला उद्याच डीनच्या ऑफिसात पाठवतो.

---

फॅकल्टी_काका_पेनसिल्व्हेनिया

मी २२ वर्षं इथे शिकवतोय आणि त्यातली आठ वर्षं एका लीडरशिप ऑनर सोसायटीचा अॅडव्हायजर आहे, त्यामुळे टेबलाच्या दुसऱ्या बाजूने लिहितो. मावशींनी कामाबद्दल लिहिलंय ते शंभर टक्के खरं. मी निवडीबद्दल लिहितो, कारण माझ्या मते तुझ्या प्रश्नाचं मूळ तिथे आहे. ६२ पैकी ९ येतात कारण ६२ जण एकाच प्रकारचे आहेत, ते एकमेकांना आधीच स्टुडंट गव्हर्नमेंटमध्ये, बिझनेस फ्रॅटर्निटीत आठवड्यातून तीनदा भेटतात, चौथ्यांदा भेटायला कशाला येतील? नवं कोणी भेटणार असेल तर माणूस येतो.

अर्जाची लिंक ईमेलने पाठवली की अर्ज कोण करतं? ज्याला अर्ज करायची सवय आहे तो. जी मुलगी रात्री दोन वाजेपर्यंत थिएटरमध्ये ४० लोकांची मोट बांधतेय, स्टेज मॅनेजर, ती स्वतःला लीडर म्हणतच नाही, तिला वाटतं मी फक्त पडद्यामागचं बघते. तिला शोधायला तुम्हाला जावं लागेल. तर ऑगस्टमध्ये तू आणि तुझं बोर्ड वाटून घ्या, एकाने अॅथलेटिक्समध्ये कोचना भेटायचं, एकाने स्टुडंट पेपरच्या न्यूजरूममध्ये, एकाने रेडिओ स्टेशनवर, एकाने संगीत आणि नाटक विभागात, एकाने लायब्ररीत आणि ट्युटरिंग सेंटरमध्ये, आणि प्रत्येक ठिकाणी एकच विचारायचं, इथे कोण नसेल तर काम थांबतं? कोच लोक कॅप्टनचं नाव सांगतील असं वाटतं पण अनेकदा दुसरंच नाव येतं, बेंचवर बसणारा असतो पण सगळी टीम त्याचं ऐकते.

मी हे एका वर्षी केलं तेव्हा अशीच एक स्टेज मॅनेजर मिळाली. टॅपिंग, म्हणजे निवड झाल्याचं त्या विद्यार्थ्याला सांगणं, आम्ही ईमेलने करत नाही, प्रत्यक्ष जातो, खांद्यावर हात ठेवून सांगायची जुनी पद्धत आहे. आम्ही पाच जण रिहर्सलमध्ये घुसलो, दिग्दर्शिकेची आधी परवानगी घेतली होती, ती मुलगी हेडसेट लावून प्रॉम्प्ट बुक बघत होती, तिला वाटलं फायर ड्रिल आहे. तिचं नाव घेतलं तेव्हा अख्ख्या क्रूने, लाइटवाल्यांनी, सुतारकाम करणाऱ्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. ती वर्षभर एकही मीटिंग चुकली नाही. आणि पुढच्या वर्षी त्या विभागातून सात अर्ज आले, न सांगता.

आता रूममेट. हे सोपं आहे, अवघड वाटतं फक्त. अर्जांची चर्चा सुरू व्हायच्या आधी तू कमिटीला सांगायचंस की ही माझी रूममेट आहे, आणि तिचा अर्ज आला की खोलीबाहेर जायचंस, दार बंद, मत नाही, चेहरा नाही, आणि हे मिनिट्समध्ये लिहायला लावायचंस. तिला पण आजच सांग की मी तुझ्या अर्जाच्या वेळी बाहेर असेन. आत्ता सांगितलंस तर ती समजून घेईल, ऐनवेळी सांगितलंस तर तिला वाटेल तू टाळतेयस. पहिल्या फेरीत नावं झाकून अर्ज वाचता आले तर अजून उत्तम, आम्ही नंबर देतो प्रत्येक अर्जाला.

आणि एक काळजी घे. ते ३५ टक्क्यांचं तपासायचं काम विद्यार्थ्यांनी करायचं नाही. कोणाचा जीपीए, म्हणजे मार्कांची सरासरी, किती हे तुमच्या कमिटीतल्या मुलांच्या हातात यायला नको, १९७४ चा फर्पा कायदा आहे, विद्यार्थ्याचे रेकॉर्ड त्याच्या संमतीशिवाय असे फिरवता येत नाहीत. अॅडव्हायजरने रजिस्ट्रारकडे यादी पाठवायची, तिकडून फक्त पात्र की अपात्र एवढं यायला हवं. जुन्या फायलीत कुणी एक्सेलमध्ये सगळ्यांचे जीपीए ठेवले असतील तर अॅडव्हायजरना दाखव आणि काय करायचं ते त्यांना ठरवू दे.

तुझे अॅडव्हायजर रिटायर होतायत म्हणालीस. त्यांनाच विचार पुढे कोण, आणि तो माणूस आत्तापासून सोबत बसव, एक वर्ष दोघं असू देत. ओडीकेत प्राध्यापक आणि स्टाफसुद्धा मेंबर होतात, तुमच्या यादीत असे कोण आहेत ते बघ, मला खात्री आहे त्यांना चार-पाच वर्षांत कोणी चहालासुद्धा बोलावलं नसेल.

"सर" म्हणतेस ते म्हणत राहा. माझे काही विद्यार्थी म्हणतात, मला छान वाटतं.

---

कोल्हापुरी_पायताण

मी अमेरिकेत नाही, सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात शिकलो, ऑनर सोसायटी वगैरे आपल्याकडे नाही, पण वाचता वाचता राहवलं नाही म्हणून लिहितोय. ताई आपल्याकडे महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर कॉलेजात थेट निवडणुका बंद झाल्या ना, आमच्या वेळी मार्क बघून सीआर ठरायचा, वर्गात पहिला आलेला पोरगा सीआर, त्याला बिचाऱ्याला फळ्यासमोर उभं राहायची भीती आणि खरं काम शेवटच्या बाकावरची पोरं करायची, गॅदरिंगचा मंडप, वर्गणी, भांडणं मिटवणं सगळं. म्हणून तुमचं ते पाच क्षेत्रांचं वाचून लई बरं वाटलं, कोणीतरी १९१४ सालीच हे ओळखलं होतं म्हणायचं.

मी एनएसएसला होतो, दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं कॅम्प. आमच्या युनिटची पण हीच बोंब, नाव शंभर जणांचं आणि रविवारी हजर पंधरा. पण कॅम्पवरून आलं की चित्र पालटायचं. गावात ओढ्यावर बंधारा घालायचा होता, पोती भरायची, साखळी करून एकाने दुसऱ्याच्या हातात द्यायची, सात दिवस एकाच शाळेच्या वर्गात झोपायचं, पिठलं भाकरी खायची, सायन्सची पोरं आर्ट्सच्या पोरांशी तीन वर्षांत बोलली नव्हती ती रात्री गाणी म्हणत बसायची. तिथून आल्यावर बोलवायला लागत नव्हतं कोणाला. तुमच्याकडे सात दिवस कोण देणार म्हणा, पण एक रात्र तरी सगळ्यांना एकत्र काढता आली तर बघा, सेमिस्टरच्या सुरुवातीलाच.

आणि संकोचाचं म्हणाल तर मला पण होता. आमच्या प्रोग्राम ऑफिसर मॅडमनी सांगितलेलं, ग्रुपवर "कोण येणार" विचारायचं नाही, कोणीच येत नाही, एकेकाला गाठायचं आणि त्याला येतं तेच काम सांगायचं. "संतुलन राखून ट्रॅक्टर चालवणारा तूच आहेस, पोती तूच आण." मग तो नाही म्हणत नाही, उलट त्याला बरं वाटतं की याला माहितीये मला काय येतं. काम सांगणं म्हणजे त्रास देणं नाही ताई, ओळख दाखवणं आहे ती. ६२ म्हणजे काय, दिवसाला तीन फोन केले तर तीन आठवड्यांत संपतात.

---

नाशिकची_पोर

सगळ्यांना मनापासून थँक्यू, मी हे तीन-चार वेळा वाचलं. दोन आठवडे झाले, काय काय झालं ते सांगते.

@कोल्हापुरी_पायताण दादा तुमचं वाचून मी खरंच फोन करायला लागले, दिवसाला तीन. आत्तापर्यंत ३१ झाले. पहिले पाच फोन करताना हात थरथरत होते. मी फक्त विचारते की उन्हाळा कसा चाललाय, तू कॅम्पसवर काय करतेस, आणि तुला काय येतं जे आम्हाला माहीत नाही. एक मुलगा निघाला जो कॅम्पस रेडिओवर पहाटे पाचचा शो करतो, दीड वर्ष आमच्या यादीत आहे आणि कोणालाच माहीत नव्हतं. एकीने सांगितलं की ती इनिशिएशननंतर दोन मीटिंगना आली होती पण कोणी तिच्याशी बोललंच नाही म्हणून नंतर आली नाही. तिला मी काही बोलू शकले नाही, फक्त सॉरी म्हटलं. ती आता टॅपिंगचं बघायला तयार झालीय.

@कोलंबसची_मावशी मावशी, लिहायला घेतलंय, बँकेपासूनच सुरुवात केली. एकच काम म्हणून कॅम्पसच्या फूड पँट्रीचं, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांना धान्य-सामान देणाऱ्या केंद्राचं, ठरतंय, शनिवारी सकाळी सामान उतरवून फळीवर लावायचं असतं, त्यांना माणसं हवीच आहेत. टीशर्टचे पैसे बजेटमधून काढून टाकले, ट्रेझरर जरा नाराज आहे.

@फॅकल्टी_काका_पेनसिल्व्हेनिया सर, रूममेटला त्याच रात्री सांगितलं. ती एक मिनिट गप्प बसली, मग म्हणाली की बरं झालं आत्ताच सांगितलंस. जुन्या फोल्डरमध्ये खरंच जीपीएची एक्सेल होती, अॅडव्हायजरना दाखवली, त्यांनी ताबडतोब तिथून काढली आणि रजिस्ट्रारच्या ऑफिसशी बोलून घेतलं. यादीत स्टाफ आणि फॅकल्टी मिळून ११ जण सापडले, त्यातल्या एक लायब्ररीतल्या आहेत, १९९० च्या दशकात इथेच विद्यार्थी असताना मेंबर झालेल्या, त्या म्हणाल्या मला कोणीतरी विचारेल अशी वाट बघत होते.

एक विचारायचं राहिलं. ३ डिसेंबरला स्थापना दिवस आहे, त्या दिवशी सगळ्यांना, म्हणजे नव्या-जुन्या मेंबरना आणि त्या ११ जणांना जेवायला बोलवावं असं मनात आहे. पण तो दिवस फायनल्सच्या तोंडावर येतो.

---

फॅकल्टी_काका_पेनसिल्व्हेनिया

त्या दिवशी नको, कोणी येणार नाही, आणि आले तरी मन अभ्यासात. थँक्सगिव्हिंगच्या आधीचा रविवार घे, तोवर पँट्रीचं काम दोन-अडीच महिने झालेलं असेल, लोकांकडे एकमेकांशी बोलायला काहीतरी असेल. आणि टेबलं तू लाव, ज्याला जिथे वाटेल तिथे बसू देऊ नकोस. प्रत्येक टेबलावर एक प्राध्यापक, एक खेळाडू, एक नाटकवाला. त्या लायब्ररीतल्या बाईंना रेडिओवाल्या मुलाशेजारी बसव.

---

कोलंबसची_मावशी

आणि जेवण बाहेरून मागवू नकोस सगळं, एखादा पदार्थ घरचा कर. मी ड्राइव्ह करण्याइतक्या अंतरावर असेन तर पुरणपोळ्या घेऊन येते, मेसेज कर कुठे आहेस ते.